बॅरल (पिस्तुलाची नळी) बदललं तर ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पसारा) सुधारतो का? ग्लॉकवाले, १९११ मॉडेलवाले, कोणीही सांगा

डॅलसचा_दाजी:
मंडळी, इथे पिस्तूल चालवणारे किती जण आहेत माहीत नाही पण विचारून बघतो. मी डॅलसजवळ राहतो, माझ्याकडे ग्लॉक १९ आहे, जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीचं, सेकंडहँड घेतलेलं, आधीच्या मालकाने त्यातून किती राउंड काढलेत देव जाणे. महिन्यातून एकदा क्लबची यूएसपीएसए मॅच (वेळ लावून पिस्तूल मारायची स्पर्धा) असते तिथे जातो, कागदी टार्गेट आणि स्टील दोन्ही असतं. सात-दहा यार्डावरचं ठीक लागतं हो, पण २५ यार्डावर गेलं की ग्रुप सात इंचाचा होतो आणि त्यातल्या बऱ्याचशा गोळ्या खाली डावीकडे. क्लबातला एक जण म्हणाला ग्लॉकचं कंपनीचं बॅरल ढिलं बसतं, मॅच बॅरल (स्पर्धेसाठीचं, घट्ट मापाचं) टाक आणि मग बघ. नेटवर बघितलं तर दीडशे डॉलरपासून चारशेपर्यंत सगळं आहे, केकेएम, बार-स्टो, लोन वुल्फ, फॅक्सन. सोनेरी कोटिंगवालं पण मिळतं. बायको म्हणाली सोनेरीच घे, निदान पैसे कुठे गेले ते दिसेल तरी.

तर घ्यावं का? का नुसतीच हौस? अनुभव असेल त्यांनीच सांगा, गूगल मीपण केलंय.

रुमाल_बहाद्दर:
रुमाल टाकून ठेवतो. पिस्तूल नाही, घ्यायचंही नाही, पण अशा धाग्यांवर भांडणं चांगली होतात.

ह्यूस्टनची_मावशी:
दाजी, उजव्या हाताने मारता ना? मग खाली डावीकडे जाणारी गोळी बॅरल नाही पाठवत, तुम्ही पाठवताय. बॅरल खराब असेल तर गोळ्या चहूकडे पसरतात, एकच कोपरा धरून बसत नाहीत. साइट (नेम धरायची खूण) सरकलेली असेल तर अख्खा ग्रुप सरकतो हे खरं, पण मग तो सात यार्डावरही थोडा त्याच बाजूला दिसेल आणि दुसऱ्या कोणी मारलं तरी दिसेल. तुमचं बोट ट्रिगर सरळ मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलतंय आणि धक्का येणार येणार म्हणून मनगट आधीच खाली जातंय. ग्लॉकचा ट्रिगर साडेपाच पौंडाच्या आसपास, पिस्तूल भरलेलं धरलं तरी दोन पौंडाच्या आत, म्हणजे त्याच्या वजनाच्या अडीच-तीनपट जोर तुम्ही एका बोटाने लावणार आणि म्हणणार की ते हलू नये.

एक करा. मित्राला सांगा मॅगझिन भरून द्यायला, मधेमधे डमी राउंड (न उडणाऱ्या खोट्या गोळ्या) घालून, कुठे घातलेत ते तुम्हाला सांगायचं नाही. फोनवर व्हिडिओ काढा. डमीवर ट्रिगर पडला की नळी जागची हलायला नको. तुमची कशी टुणकन खाली जाते ते बघा, मग बॅरलचं बोलू.

डॅलसचा_दाजी:
आई गं. बरं मावशी, शनिवारी करतो. पण बॅरलने काहीच फरक पडत नाही का मग? लोक उगाच चारशे डॉलर घालतात का?

सोनेरी_नळी:
थांबा, मी उलटी बाजू मांडतो नाहीतर सगळे मावशींच्याच मागे जातील. माझ्याकडे ग्लॉक १७ आहे आणि १९११ पण आहे. ग्लॉकमध्ये ड्रॉप-इन, म्हणजे न घासता तसंच बसणारं, मॅच बॅरल टाकलं, आधीचा ग्रुप आणि नंतरचा ग्रुप, सरळ निम्मा. दोन्ही कागद अजून गॅरेजमध्ये टांगलेले आहेत. लोक म्हणतात मनाचे खेळ, म्हणू देत, कागदाला मन नसतं.

गणिती_गोंधळ:
सोनेरी भाऊ, कागदाला मन नसतं पण एक कागद म्हणजे पुरावा पण नसतो. पाच-पाच गोळ्यांचा एक ग्रुप आधी आणि एक नंतर, असंच ना? एकाच पिस्तुलाने, एकाच डब्यातल्या गोळ्यांनी, रेस्टवर (टेकूवर) ठेवून लागोपाठ पाच ग्रुप काढले तरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यांच्यात दुपटीच्या जवळपास फरक सहज पडतो, काहीही न बदलता. त्यामुळे पहिला ग्रुप नेमका वाईट दिवसाचा आणि दुसरा चांगल्या दिवसाचा निघाला की झालं बॅरल सिद्ध. निदान दहा-दहा गोळ्यांचे चारपाच ग्रुप, तीच गोळी, तोच रेस्ट, आणि बॅरल अदलाबदल करत मारा, म्हणजे आधी सगळे जुन्याचे आणि हात थकल्यावर सगळे नव्याचे असं नको.

आणि दाजींसाठी जरा हिशोब. माणसाची चूक आणि पिस्तुलाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, दोन्हींचे वर्ग घेऊन बेरीज आणि मग वर्गमूळ, साधारण असं धरा. तुमचा ग्रुप ७ इंच. ग्लॉक १९ रेस्टवरून बऱ्या गोळीने २५ यार्डावर अडीच-तीन इंच देतं, आपण ३ धरू. ४९ वजा ९ म्हणजे ४०, त्याचं वर्गमूळ ६.३, हा तुमचा वाटा. आता बॅरल एकदम भारी निघालं आणि पिस्तूल ३ वरून २ इंचावर आलं असं समजा. ४० अधिक ४, ४४, वर्गमूळ ६.६. म्हणजे चारशे डॉलर घालून सातचे सहा पॉइंट सहा. तेच ज्याचा स्वतःचा वाटा २ इंचाचा आहे त्याचं बघा, ३.६ वरून २.८. त्याला फरक दिसेल, त्याने जरूर घ्यावं.

रुमाल_बहाद्दर:
वर्गमूळ आलं. मी चाललो चहा टाकायला.

शांतता_हवी:
मराठी माणसाने अमेरिकेत जाऊन हेच करायचं राहिलं होतं. तिथे शाळेत पोरं मरतायत आणि तुम्ही इंचाचे हिशोब करताय. कीव येते.

संपादक_मंडळ:
शांतता_हवी, बंदूक धोरणावर वेगळा धागा आहे, तिथे जरूर लिहा. हा धागा नेमबाजी आणि पिस्तुलाच्या यंत्राबद्दल आहे. पुढचे विषयांतराचे प्रतिसाद उडवले जातील.

जुना_आर्मरर:
नमस्कार. फौजेत ईएमईमध्ये (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत) आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता साताऱ्यात असतो. आमच्या हाताखालून गेलेलं पिस्तूल म्हणजे पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, मुळात ब्राउनिंग हाय-पॉवर. तुमचं ग्लॉक त्याच खानदानातलं आहे, प्लास्टिकची फ्रेम बघून फसू नका. त्यामुळे काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे बॅरलवर पैसे कुठे खर्च होतात ते कळेल.

गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) एकमेकांत अडकलेले असे थोडे मागे येतात, मग बॅरलचा मागचा भाग खाली झुकतो, स्लाइड मोकळी होते, पुंगळी बाहेर फेकते, नवा राउंड घेऊन पुढे येते आणि बॅरलचा मागचा भाग उचलून परत जागेवर बसवते. म्हणजे प्रत्येक गोळीला बॅरल आपली जागा सोडतं आणि परत येऊन बसतं. दर वेळी तिथंच बसतं का, सगळा प्रश्न एवढाच. साइट स्लाइडवर आहेत, बॅरल स्लाइडमध्ये जरा वेगळं बसलं की तुम्ही बघता एकीकडे आणि नळी बघते दुसरीकडे. आतल्या रायफलिंगची (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचांची) गुणवत्ता वगैरे नंतरची गोष्ट, आजकाल बहुतेक कारखान्यांची बॅरलं आतून चांगलीच असतात.

घरी बघता येतं. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा, बोट घालून बघा, परत एकदा बघा. मग स्लाइड पुढे जाऊ द्या. पुंगळी जिथून बाहेर पडते त्या खिडकीत बॅरलचा मागचा चौकोनी भाग दिसतो, त्याला हूड म्हणतात. त्यावर अंगठ्याने सरळ खाली दाबा. किंचित खचून परत वर येतो का? मग नळीचं तोंड दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवा, कट्‌कट्‌ होतंय का? कंपनीच्या ग्लॉकमध्ये थोडं होतं आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं, माती, काजळी, पाऊस काही झालं तरी अडकू नये म्हणून.

आता त्या थोड्याची किंमत किती ते बघा. ग्लॉक १९चं बॅरल १०२ मिमी. मागचं टोक एक दशांश मिलिमीटर वेगळं बसलं तर २५ यार्डावर, म्हणजे २२.८६ मीटरवर, गोळी सव्वादोन सेंटिमीटर सरकते. हा बॅरलचा गुन्हा. आता मारणाऱ्याचा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण १५ सेंटिमीटर. ट्रिगर दाबताना पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला गेली, तुम्हाला दिसणारही नाही, तिथं साडेसात सेंटिमीटर. ताई बोलल्या ते बरोबर आहे.

आता ड्रॉप-इन. ड्रॉप-इन म्हणजे कुठल्याही स्लाइडमध्ये न घासता बसणारं. कुठल्याही स्लाइडमध्ये बसायचं म्हणजे सगळ्यात घट्ट स्लाइडचं माप धरावं लागतं, म्हणजे बाकीच्या सगळ्या स्लाइडमध्ये ते ढिलंच राहणार. रेडिमेड शर्टासारखं आहे ते, खांद्यात बसला तर नशीब. खरं फिटिंगचं बॅरल येतं तेव्हा हूडला आणि खालच्या लगला (अडकायच्या खुंटीला) जास्तीचं मटेरियल ठेवलेलं असतं, आणलंत की पिस्तुलात बसणारच नाही. जाणकार माणूस प्रशियन ब्लू लावून कुठं टेकतंय ते बघतो, बारीक कानस दोनदा फिरवतो, पुसतो, परत ब्लू, परत बघतो. घाई केली आणि जास्त उडालं तर ते बॅरल कायमचं ढिलं, मटेरियल परत लावता येत नाही. खरी किंमत त्या हाताची असते, बॅरलची नव्हे.

जाता जाता, सेकंडहँड आहे म्हणताय तर नळीच्या तोंडाची आतली कड भिंगातून बघा. गोळी सगळ्यात शेवटी तिथून सुटते, तिथं एका बाजूला खरचटलेलं असेल तर मागून सुटणारा गॅस एका बाजूने आधी निघतो आणि गोळी डोलते. तोंडाकडून लोखंडी रॉड घालून साफ करणाऱ्यांनी अशी बरीच बॅरलं मारलेली बघितलीत. कड चांगली, रायफलिंग स्वच्छ दिसतंय, तर बॅरल झिजलं असेल ही शंका सोडा, जॅकेटवाल्या (वर तांब्याचं आवरण असलेल्या) ९ एमएमने दहा-वीस हजार राउंडला काही होत नाही.

दहा_पॉइंट_नऊ:
आर्मरर काका, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवलाय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

सोनेरी_नळी:
काकांशी सहमत आहे बरं का, म्हणूनच माझ्या १९११ बद्दल सांगतो, मग बघू कोण हसतंय. मी बुल्सआय मारतो, एका हाताने, ५० यार्डावर स्लो फायर, दहाची रिंग ३.३६ इंचाची. तिथे चांगला मारणारा माणूस कंपनीच्या बॅरलला घेऊन उभा राहिला तर त्याने सगळं बरोबर केलं तरी गोळी नऊमध्ये जाणार आणि त्याला कळणारच नाही की चूक कोणाची. मी कार्ट कंपनीचं बॅरल घेतलं, पुढची बुशिंग (नळीच्या तोंडाजवळचं कडं) बॅरलच्या मापाची करून घेतली, खालचे लग, हूड, सगळं गनस्मिथकडून. बॅरलपेक्षा मजुरी जास्त झाली. परत देताना त्याने रॅन्सम रेस्टवर लावून काढलेला ५० यार्डाचा ग्रुप दिला, सगळं दहाच्या आत. इथे माझा हात नाही, मशीन आहे. तर बॅरलने फरक पडत नाही असं सरसकट कोणी म्हणू नये.

गणिती_गोंधळ:
सरसकट कोणीच म्हटलं नाही. तुमचं १९११ चं बरोबरच आहे, मशीन रेस्ट, फिट केलेलं बॅरल आणि मारणारा त्या लायकीचा. प्रश्न ग्लॉकच्या ड्रॉप-इनचा आहे.

सोनेरी_नळी:
ग्लॉकचा पण निम्मा झालाय. टांगलाय कागद. या बघायला.

करवीर_१०:
लै भारी धागा. मी कोल्हापूरचा, २५ मीटर स्पोर्ट्‌स पिस्तूल मारतो, .२२. आमच्याकडं हा बॅरलचा प्रश्नच येत नाही कारण पार्डिनी घ्या, वॉल्थर जीएसपी घ्या, मोरिनी घ्या, बॅरल फ्रेमला पक्कं असतंय, .२२ चा जोर कमी म्हणून नुसत्या ब्लोबॅकवर (गोळीच्या धक्क्यानंच मागं सरकायचं) चालतंय, नळी झुकायची भानगड नाही. काका म्हणाले तो परत जागेवर बसायचा खेळच नाही. म्हणून आमची सगळी मारामारी गोळीवर. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळ्या, पण लॉट बदलला की ग्रुप बदलतोय. पिस्तूल शिकंजात पकडून वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा मारायच्या, जो लॉट घट्ट जाईल त्याचीच पेटी भरायची. २५ मीटर प्रिसिजनला दहाची रिंग ५० मिमी, चांगलं पिस्तूल चांगल्या लॉटला त्याच्या निम्म्यात बसतंय. मग गोळी आठला गेली तर पिस्तुलाकडं बघायची लाज वाटत्या. कोच पण बघू देत न्हाई.

दाजी तुमच्या धाग्यात गोळीचं नावच न्हाई कुठं. काय मारताय?

दुसरं असं की पिस्तूल चालणं पहिलं, ग्रुप मागनं. टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला, तिथं तिच्याकडं जगातलं भारीतलं एअर पिस्तूल होतं की. मॅच बॅरलचं चेंबर घट्ट असतंय असं ऐकलंय, ते अडकलं तर?

ह्यूस्टनची_मावशी:
करवीर, अगदी बरोबर बोललास. माझ्या दुसऱ्या पिस्तुलात एका कंपनीचं मॅच बॅरल टाकलं होतं, नाव घेत नाही. कारखान्याच्या गोळ्या चालायच्या, माझ्या रिलोड केलेल्या (घरी भरलेल्या) थोड्या लांब असायच्या, त्यांचं टोक रायफलिंगला जाऊन टेकायचं. स्लाइड पाव इंच उघडी राहायची, ना पुढे ना मागे. स्टेजच्या (मॅचच्या एका फेरीच्या) मधोमध. टायमर चालू आणि मी स्लाइडला थापडा मारतेय. बॅरल घ्यायचंच असेल तर आधी बाहेर काढून, नळी खाली तोंड करून, आपला राउंड चेंबरमध्ये सोडायचा. टक्‌ करून बसायला हवा, बोटाने गोल फिरायला हवा आणि उलटं केलं की आपोआप पडायला हवा. तीनपैकी एक जरी नाही झालं तरी ती गोळी मॅचला न्यायची नाही. ग्लॉकचं कंपनीचं चेंबर ऐसपैस असतं, काहीही गिळतं, तो त्याचा गुण आहे.

डॅलसचा_दाजी:
करवीरभाऊ, गोळी म्हणजे... जी सेलवर मिळेल ती. ११५ ग्रेन वजनाची, सध्या हजारला अडीचशे डॉलरच्या आसपास पडते. कधी ही कंपनी कधी ती.

करवीर_१०:
मग बॅरलचं काय इचारताय हो.

कुतूहल_कट्टा:
बेसिक प्रश्न, हसू नका. भारतात असं बॅरल बदलता येतं का? माझा मामा अमेरिकेतून येतोय, त्याने नुसती नळी आणली तर? ती काय बंदूक नाही.

जुना_आर्मरर:
अजिबात नको. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात. बॅरल बॅगेत सापडलं तर मामा विमानतळावरून थेट पोलीस ठाण्यात. शिवाय ९ एमएम हा बोर (नळीचं माप) आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर मिळतच नाही, निषिद्ध बोर आहे, म्हणून तर लोकांकडे .३२ असतं. खेळाडूंचं वेगळं, त्यांना संघटनेच्या मार्फत आयातीची परवानगी काढता येते, पण त्याचीही कागदपत्रं असतात. अमेरिकेतून बाहेर न्यायलाही तिकडचे नियम आहेत हे वेगळंच. गंमत म्हणूनही असं काही करू नका.

फ्रँकफुर्टी_फाटा:
जर्मनीतही बॅरल म्हणजे कायद्याने बंदुकीइतकंच. आमच्याकडे परवान्याच्या पुस्तकावर, डब्ल्यूबीके म्हणतात त्यावर, जादा बॅरलची पण नोंद होते. दाजींना कुरिअरने घरपोच येतं हे वाचून मजा वाटली.

ह्यूस्टनची_मावशी:
आमच्याकडे फेडरल कायद्यात सिरियल नंबरवाली फ्रेम म्हणजे बंदूक, बॅरल हा सुटा भाग. पण राज्याराज्यात फरक आहे, कॅलिफोर्नियात तोंडाला आटे पाडलेलं बॅरल अशा पिस्तुलात घालून बसलात तर ते पिस्तूल असॉल्ट वेपन ठरतं. टेक्सासच्या हिशोबाने इतरांनी ऑर्डर करू नका.

दहा_पॉइंट_नऊ:
जरा वेगळं विचारतो, बॅरलचे ते तीनशे-चारशे डॉलर डॉटमध्ये (नेमासाठी ठिपका दाखवणाऱ्या साइटमध्ये) का नाही घालायचे? पुढची साइट खाचेत अर्धा मिमी हलली वगैरे जे काका म्हणाले तो त्रासच जातो, एकच ठिपका, तो टार्गेटवर ठेवा. आणि ट्रिगर दाबताना ठिपका कसा नाचतो ते डोळ्यासमोर दिसतं, ते सगळ्यात मोठं शिक्षण. चाळिशीनंतर पुढची साइट अंधूक दिसते त्यांना तर वरदान.

जुना_आर्मरर:
डॉट स्लाइडवर बसतो, त्यामुळे बॅरल-स्लाइडचा दोष तसाच राहतो. पण मारणाऱ्याचा दोष बराच कमी होतो. मला पटतं.

सोनेरी_नळी:
डिव्हिजन (मॅचमधला गट) बदलेल की. डॉट लावला की कॅरी ऑप्टिक्स. आणि बॅरल काय, साइट काय, काहीही बदलण्याआधी आपल्या डिव्हिजनचं चालू नियमपुस्तक बघा, दर काही वर्षांनी बदलतं.

डॅलसचा_दाजी:
मंडळी, रेंजवर जाऊन आलो. लांबलचक होईल, सहन करा.

आधी मावशींचं डमीवालं. व्हिडिओ इथे टाकणार नाही. मित्र इतका हसला की शेजारच्या लेनवाल्याने कानावरचे मफ काढून बघितलं काय झालं. नळी खाली जाते म्हणजे काय, नमस्कारच करते.

मग क्लबातला एक जण आहे, मास्टर क्लासचा (वरच्या श्रेणीचा नेमबाज), त्याला पिस्तूल दिलं आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून मारायला सांगितलं. माझ्या सेलच्या ११५ ग्रेनने २५ यार्डावर साडेचार इंच, दहा गोळ्यांचा ग्रुप. त्याच्याकडच्या १२४ ग्रेनने तीनच्या थोडं आत. गणितीभाऊंनी सांगितलं तसं आलटून पालटून मारलं, परत परत तोच फरक, एकदा सोडून. बॅरल तेच, पिस्तूल तेच, फक्त डबा बदलला. आणि त्याचा एकही ग्रुप डावीकडे खाली गेला नाही, सगळे मधोमध.

काकांनी सांगितलं तसं हूड दाबून बघितलं, केसभर खचतो. नळीच्या तोंडाची कड भिंगातून बघितली, स्वच्छ आहे.

तर बॅरल सध्या रद्द. पण एक नवीन किडा डोक्यात आलाय. १२४ ग्रेन चांगली पण महाग पडते, तो मास्टरवाला स्वतः रिलोड करतो, शिशाच्या गोळ्या स्वस्त पडतात म्हणाला. मी पण करावं का? १२४ गुणिले १०५० फूट प्रति सेकंद भागिले हजार, १३०.२, मॅचमध्ये मायनरला (कमी जोराच्या गोळीच्या वर्गाला) हा आकडा १२५ लागतो तर बसतंय की.

जुना_आर्मरर:
थांबा. जेन ३ मध्ये षटकोनी रायफलिंग आहे, कंगोरे तीक्ष्ण नाहीत, गोलसर आहेत. उघडी शिशाची गोळी त्यात नको, ग्लॉक कंपनी स्वतःच नको म्हणते. शिसं आत थर धरतं, नळी आतून अरुंद होत जाते, प्रेशर वाढतं. शिशाच्या गोळ्या मारायच्या असतील तर नेहमीच्या कंगोऱ्यांचं बॅरल घ्यावं लागेल, आणि ग्लॉकवाल्याने दुसरं बॅरल घ्यायचं सगळ्यात सबळ कारण मला तरी हेच दिसतं. अचूकतेसाठी म्हणून नाही, सुरक्षिततेसाठी. त्यातही दर सेशननंतर नळीत बघायचं.

सोनेरी_नळी:
हाहाहा. म्हणजे शेवटी बॅरल घेणारच.

डॅलसचा_दाजी:
ह्या.

ह्यूस्टनची_मावशी:
दाजी, रिलोडिंग प्रेस, डाय, वजनकाटा, प्रायमर, सगळं धरा आणि मग स्वस्त म्हणा. मी वर्षानुवर्षं करते, पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या मारून होतात. सध्या जॅकेटवाली १२४ घ्या, एकच ब्रँड धरा, आणि आठवड्यातून चार दिवस रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवर दहा मिनिटं ड्राय फायर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. डॉटचं म्हणाल तर जेन ३ च्या स्लाइडला खाच नसते, स्लाइड मिलिंगला द्यावी लागेल किंवा खाच असलेली वेगळी स्लाइड, तो खर्च धरा.

गणिती_गोंधळ:
दाजी, ११५ आणि १२४ चे सगळे ग्रुप मोजून इथे टाका ना, एकदा सोडून म्हणालात तो किती होता? मला तोच बघायचाय.

डॅलसचा_दाजी:
तो १२४ चा होता, साडेचारच्याही वर. एक गोळी एकटीच वर गेली होती, मास्टरवाला म्हणाला ती माझी, ग्रुपमधून काढ.

गणिती_गोंधळ:
काढायची नाही!! ज्याला जी आवडली नाही ती काढली की कुठलंही बॅरल अर्ध्या इंचाचं होतं. सोनेरी भाऊ, तुमच्या गॅरेजमधल्या कागदावर किती भोकं आहेत मोजा बरं.

सोनेरी_नळी:
चार. पाचवी बहुतेक त्याच भोकातून गेली.

रुमाल_बहाद्दर:
😂😂 रुमालाचे पैसे वसूल.

नेमबाजाची_आई:
धागा सगळा वाचला, निम्मा कळला. माझी मुलगी बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल शिकते, तेरा वर्षांची. तिथले एक पालक म्हणाले छऱ्यांचा डबा बदला, ४.४९ ऐवजी ४.५० हेड साइझ घ्या, गुण वाढतील. करवीर_१०, तुम्ही गोळीच्या लॉटबद्दल लिहिलंत म्हणून विचारते, खरंच घ्यावे का? आत्ता ती ५४० च्या आसपास मारते ६० शॉटमध्ये.

करवीर_१०:
ताई, एअर पिस्तुलाची दहाची रिंग ११.५ मिमी आणि छर्रा साडेचारचा. ५४० म्हणजे सरासरी नऊ, अजून पोरीचे शॉट रिंगभर फिरतायत, ०.०१ मिमी हेड साइझनं ते गोळा व्हायचे न्हाईत. क्लबमध्ये पिस्तूल शिकंजात लावायची सोय असेल तर कोचला सांगून दोन्ही साइझचे थोडे थोडे मारून बघा, ज्याचं एकच भोक पडेल ते घ्या आणि वर्षभर बदलू नका. पालकांच्या कट्ट्यावर ठरवू नका. तिच्या पिस्तुलाची ग्रिप हाताच्या मापाची आहे का ते आधी बघा, तेराव्या वर्षी हात वाढतोय, सहा महिन्यांनी ग्रिप परत घासून नाहीतर भरून घ्यावी लागत्या. ट्रिगर ५०० ग्रॅमच्या खाली जात नाही ना ते पण तपासून घ्या, मॅचला वजन लावून बघतात.

नेमबाजाची_आई:
ग्रिपचं कोणीच बोललं नव्हतं. मीडियम आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. उद्याच विचारते, धन्यवाद दादा.